लाइव्ह स्ट्रीमिंग सुरू करताय? कॅमेरा नंतर बघू, आधी वायर टाका

लाइव्ह करायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "कॅमेरा कुठला घेऊ?" मी पण तिथूनच सुरुवात केली होती. एका मित्राकडून चांगला कॅमेरा मागून आणला, ट्रायपॉड लावला, मागे पडदाबिडदा लावून सगळं एकदम झकास, आणि लाइव्ह गेल्यावर दहाव्या मिनिटाला लोकांचे मेसेज सुरू, "अडकतंय", "गोल गोल फिरतंय", "आवाज तुटतोय". कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. आतल्या खोलीत घरातल्याच एकाचा फोन वायफायला जोडलेला होता आणि तो साठलेले सगळे फोटो न् व्हिडिओ निवांत क्लाउडवर चढवत बसला होता. हे कळायला मला दोन आठवडे लागले, तोवर कॅमेरा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी नेट, मग कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर, मग आवाज, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. चित्र जरा धूसर असलं तर लोक चालवून घेतात, पण स्ट्रीम सारखा अडकला की निघून जातात.

लाइव्हमध्ये नेमकं होतं काय

हे दोन मिनिटांत समजून घ्या म्हणजे पुढची सेटिंग पाठ करावी लागणार नाहीत. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, असे सेकंदाला ३० फोटो. काहीच दाबून लहान न करता पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला साधारण दीड गिगाबिट डेटा होतो. एवढं घरच्या नेटवरून कोण पाठवणार. मग कॉम्प्युटर तो व्हिडिओ जागच्या जागी दाबून पाच-सहा मेगाबिटवर आणतो, म्हणजे जवळपास अडीचशे-तीनशे पट लहान, आणि हे सगळं चालू असताना, थांबायची सोय नाही. या दाबण्याला एन्कोडिंग म्हणतात, आणि दाबून उरलेल्या धारेची जाडी म्हणजे बिटरेट. ही धार तुमच्या घरातून युट्यूब किंवा ट्विच वगैरेंच्या सर्व्हरपर्यंत जाते, आणि तिथून पुढे हजार लोकांना वाटायचं काम त्यांचं. म्हणजे बघणारे दहा असोत की दहा हजार, तुमच्या नेटवर लोड तेवढाच. बरेच नवीन लोक इथे उगाच घाबरतात.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाकतो, स्ट्रीमिंगसाठी राउटरमध्ये पोर्ट उघडायला लागत नाही, स्टॅटिक आयपी (कधीच न बदलणारा नेटचा पत्ता) पण लागत नाही, कारण कनेक्शन तुमच्याकडून बाहेर जातं, बाहेरून कोणी आत येत नाही.

पायरी १: अपलोड मोजा, आणि एकदा मोजून गप्प बसू नका

नेटच्या जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. आपल्याला त्याचा उपयोग नाही, आपण पाठवणारे आहोत, आपल्याला अपलोड हवा. फायबरवर दोन्ही बऱ्याचदा सारखे मिळतात पण जुन्या केबलच्या किंवा फोन लाइनच्या कनेक्शनवर अपलोड डाउनलोडच्या दहावा हिस्सा पण निघू शकतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, त्यामुळे बाकी काही विकत घ्यायच्या आधी हे बघा.

मोजायचं असं. कुठलीही स्पीड टेस्टची साइट उघडा, पण सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि मुख्य म्हणजे ज्या वेळेला तुम्ही लाइव्ह जाणार त्या वेळेला तीन-चार दिवस रोज. संध्याकाळी सगळी वस्ती नेटवर असते आणि सकाळचा १५ चा आकडा रात्री ६ वर येऊ शकतो. जे काही आकडे येतील ते कागदावर लिहा आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा धरा. सरासरी काढू नका हां, लाइव्ह सरासरीवर चालत नाही, सगळ्यात वाईट क्षणावर चालतं.

आता त्या लहान आकड्याचे साधारण ६० टक्के करा, तेवढाच तुमचा बिटरेट. म्हणजे सगळ्यात कमी अपलोड ६ एमबीपीएस (सेकंदाला ६ मेगाबिट) आला तर बिटरेट साडेतीन एमबीपीएसच्या आसपास, ओबीएसमध्ये (स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर, पायरी ५ मध्ये येतंय) तो ३५०० असा लिहायचा कारण तिथे किलोबिटमध्ये विचारतात. बाकीचं ४० टक्के सोडून का द्यायचं असं वाटेल. कारण स्पीड टेस्ट जरा फुगवून सांगते. ती एका वेळी अनेक कनेक्शन उघडून दहा-पंधरा सेकंद जोर लावते, आणि तुमचा स्ट्रीम एकाच कनेक्शनवरून दोन-दोन तास न थांबता जायचा असतो. पळणं आणि चालणं वेगळं, तसं.

मेगाबिट आणि मेगाबाइटचा घोळ पण करू नका. ८ बिटचा एक बाइट. ६ एमबीपीएसचा स्ट्रीम एका तासाला साधारण २.७ जीबी खातो, तुमच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर हा हिशेब आधी करून ठेवा.

पायरी २: वायर

घोडं पेंड खातं ते इथे. राउटर शेजारीच आहे, वायफायचे सगळे दांडे फुल आहेत, मग वायर कशाला, असं सगळेच म्हणतात. वायफायचा स्पीड कमी असतो म्हणून मी वायर सांगत नाहीये, स्पीड भरपूर असेल. वायफाय एकसारखं नसतं हा प्रॉब्लेम आहे. हवेतली जागा सगळ्यांची सामायिक, तुमचा फोन, टीव्ही, शेजाऱ्याचा राउटर सगळे त्याच पट्ट्यात बोलत असतात आणि एका वेळी एकच बोलू शकतो, मग बाकीचे थांबतात. मायक्रोवेव्ह ओव्हन सुद्धा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या आसपासच चालतो. फाइल डाउनलोड करताना अर्धा सेकंद थांबलं तर कळत पण नाही, लाइव्हमध्ये तो अर्धा सेकंद लगेच दिसतो.

तर एक कॅट ५ई किंवा कॅट ६ची लॅन केबल आणा, राउटरच्या लॅन पोर्टमधून सरळ कॉम्प्युटरला. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, त्यामुळे त्यापेक्षा भारी केबलवर खर्च करायची अजिबात गरज नाही. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो. केबल दारातून न्यायची असेल तर दाराखाली चेपणार नाही एवढं बघा, माझी एक केबल रोज दार लागून लागून आतून अर्धी तुटली होती, नेट चालायचं पण १००० च्या जागी १०० वर, आणि मधूनच बंद. वरून केबल अगदी धडधाकट.

वायर टाकणं शक्यच नसेल तर मग ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत ठेवा, आणि बिटरेट अजून थोडा खाली आणा. वायफाय रिपीटर मध्ये घालून स्ट्रीम करायचा विचार करत असाल तर नका करू.

वायर लावली की लॅपटॉपचं वायफाय बंद करून टाका, नाहीतर कॉम्प्युटर कधी कुठल्या रस्त्याने जाईल याची शंका मनात राहते.

पायरी ३: पिंग मारून बघा

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग कमांड आधी राउटरच्या पत्त्यावर मारा, बहुतेक घरात तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायरवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर यायला पाहिजे, प्रत्येक वेळी. मग दुसरी खिडकी उघडून बाहेरच्या पत्त्यावर मारा, ८.८.८.८ चालेल. दोन्ही पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. राउटरचं उत्तरच मध्येमध्ये गायब होत असेल तर दोष घरात आहे, केबल किंवा राउटर. राउटर ठणठणीत आणि बाहेरचंच उत्तर गायब होतंय तर लाइन पुरवणाऱ्याला फोन करा, आणि हे दोन्ही आकडे समोर ठेवून बोला, म्हणजे "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर देऊन तो तुम्हाला कटवू शकत नाही.

आता खरी मजा. पिंग चालूच ठेवा आणि एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. काही लायनींवर १५-२० मिलिसेकंदाचा पिंग एकदम ३००-४०० वर जातो. याला बफरब्लोट म्हणतात, म्हणजे राउटर किंवा मोडेममध्ये पाठवायच्या डेटाची लांबच लांब रांग लागते आणि प्रत्येक पाकीट रांगेत उभं राहतं. असं होत असेल तर दोन उपाय, बिटरेट कमी ठेवा म्हणजे रांगच लागणार नाही, आणि राउटरमध्ये क्यूओएसचं (कोणाचा डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवणारं) सेटिंग असेल तर तुमच्या कॉम्प्युटरला पहिला नंबर द्या.

आणि अपलोड चोरणारे शोधा. फोनचा फोटो बॅकअप तर सांगितलाच. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स लाइव्हच्या वेळी पॉज करा. सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्ड करत असेल तर तो चोवीस तास अपलोड खातोय. आणि एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते, विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची गोष्ट आहे, ती डाउनलोड झालेले अपडेट तुमच्या नेटवरून दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरना पण वाटू शकते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड भागात सापडेल, बंद करून टाका. व्हीपीएन असेल तर तो पण बंद.

पायरी ४: कॉम्प्युटर

नेट झालं, आता दाबण्याचं काम कोण करणार ते बघू. दोन मार्ग आहेत. एक, प्रोसेसरकडून, त्याचं नाव एक्स२६४. दुसरा, ग्राफिक्स कार्डात किंवा प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये खास या कामासाठी वेगळा भाग असतो तो. एनव्हिडियात त्याला एनव्हेंक म्हणतात, इंटेलमध्ये क्विक सिंक, एएमडीत एएमएफ. तो वेगळा भाग असल्यामुळे प्रोसेसर मोकळा राहतो. पूर्वी याची क्वालिटी एक्स२६४ पेक्षा चांगलीच खराब यायची त्यामुळे अजून काही जण जुन्या आठवणीने "प्रोसेसरवरच करा" सांगतात. पण २०१८ च्या सुमारास आलेल्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हेंक इतका सुधारलाय की नवीन माणसाने दुसरा विचारच करू नये. तुमच्याकडे यातलं जे असेल ते निवडा. काहीच नसेल तर एक्स२६४, आणि प्रीसेट (दाबण्याचा वेग) व्हेरीफास्ट, यादीत त्याच्या खालच्या, हळू प्रीसेटवर जाऊ नका, खाली गेलात की प्रोसेसर धापा टाकतो आणि चित्रात फरक फारसा दिसत नाही.

रॅम १६ जीबी असली की निर्धास्त, ८ वर पण फक्त वेबकॅम आणि स्लाइड असतील तर चालून जातं, ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करा म्हणजे झालं. गेम खेळत स्ट्रीम करणार असाल तर ग्राफिक्स कार्ड महत्त्वाचं, नुसतं शिकवणार किंवा बोलणार असाल तर गेल्या सात-आठ वर्षांतला बराचसा कुठलाही ठीकठाक लॅपटॉप पुरतो.

लॅपटॉपवाल्यांनी हे कराच: चार्जर लावूनच स्ट्रीम करा कारण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा, स्लीप बंद करा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवा अडली की तो तापतो, तापला की हळू होतो, आणि हे पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाही, चाळिसाव्या मिनिटाला दिसतं. नोटिफिकेशन बंद करा. बँकेचा मेसेज किंवा घरच्यांचं "येताना काय काय आणायचं" सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही.

पायरी ५: ओबीएस

सॉफ्टवेअर बरीच आहेत पण मी ओबीएस स्टुडिओच सांगेन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, वॉटरमार्क नाही. २०१२ साली ह्यू बेली नावाच्या प्रोग्रॅमरने सुरू केलं आणि आज अडचण आली की उत्तर सापडतंच, कारण तीच अडचण आधी कुणाला तरी आलेली असते. फक्त अधिकृत साइटवरूनच उतरवा, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

पहिल्यांदा उघडल्यावर ऑटो कॉन्फिगरेशन विझार्ड येतो, तो चालवा, सुरुवातीला बरा असतो, पण त्याने काढलेल्या बिटरेटवर विश्वास ठेवायचा नाही, आपला कागदावरचा आकडा खरा. मग सेटिंग्जमध्ये आउटपुटमध्ये जाऊन मोड ॲडव्हान्स्ड करा आणि हे भरा:

एन्कोडर वर सांगितला तसा हार्डवेअरवाला. रेट कंट्रोल सीबीआर, म्हणजे धार एकाच जाडीची राहते, लाइव्हला हेच लागतं. बिटरेट तुमचा आकडा. कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद, हा ऑटो किंवा ० वर सोडू नका, युट्यूब आणि ट्विच दोघांनाही २ च पाहिजे असतो. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र, मधल्या फ्रेम फक्त "काय बदललं" एवढंच सांगतात, त्यामुळे नवीन प्रेक्षक आत आला की पुढची कीफ्रेम येईपर्यंत त्याला काही दाखवता येत नाही. ऑडिओ बिटरेट १२८ किंवा १६० पुरे.

व्हिडिओ टॅबमध्ये रिझोल्यूशन आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम). इथे हाव करू नका. १०८०पी मध्ये ७२०पी च्या सव्वादोन पट पिक्सेल असतात. म्हणजे ३००० च्या बिटरेटवर १०८०पी पाठवलं तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला निम्म्याहून कमी येतं आणि जरा हात हलवला की चित्राचे चौकोन चौकोन होतात. त्याच ३००० वर ७२०पी स्वच्छ दिसतं. माझा ठोकताळा असा की ३००० ते ४००० मध्ये ७२०पी ३० एफपीएस, ४५०० ते ६००० मध्ये १०८०पी ३०, आणि ६० एफपीएस फक्त गेम किंवा खेळाच्या मॅचसाठी, तेही ६००० च्या आसपास किंवा वर जमत असेल तरच. बोलणारा माणूस ६० एफपीएसमध्ये काही जास्त हुशार दिसत नाही. ट्विचवर साधारण ६००० ही कमाल धरून चालतात, युट्यूब त्याच्यापेक्षा जास्त घेतं.

रेकॉर्डिंग पण चालू ठेवा, स्ट्रीमबरोबर स्वतःच्या डिस्कवर, आणि फॉरमॅट एमकेव्ही. साधं एमपी४ ठेवलं आणि मध्येच लाइट गेली तर अख्खी फाइल वाया जाऊ शकते, एमकेव्ही जिथपर्यंत झाली तिथपर्यंत शाबूत राहते, नंतर ओबीएसच्या फाइल मेन्यूतून रीमक्स करून एमपी४ करता येते, मिनिटभराचं काम.

स्ट्रीम टॅबमध्ये आपली सेवा निवडा आणि अकाउंट जोडा किंवा स्ट्रीम की टाका. ही की म्हणजे घराची किल्ली, ज्याच्या हातात गेली तो तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जाऊ शकतो. स्क्रीन शेअर चालू असताना सेटिंग्ज उघडू नका, आणि उघडली गेलीच तर लगेच डॅशबोर्डवर जाऊन की रीसेट करा. सर्व्हर ऑटो ठेवला तरी चालतो, नाहीतर जवळचा.

युट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह जाणार असाल तर फोन नंबर व्हेरिफाय करून लाइव्ह सुरू करायची विनंती आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी करून ठेवा, ते चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. कार्यक्रमाच्या सकाळी हे कळलेले लोक मी पाहिलेत, चेहरा बघवत नाही.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवरून करणार असाल तर अजून एक अडचण येते. स्ट्रीम ज्या आरटीएमपी पद्धतीने जातो ती जुन्या फ्लॅशच्या जमान्यातली आहे, फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद झालं पण ही पद्धत अजून जिवंत आहे. ती १९३५ नंबरचा पोर्ट वापरते आणि अशा ठिकाणची फायरवॉल तो बऱ्याचदा अडवते. कनेक्टच होत नसेल तर आरटीएमपीएसवाला (त्याच पद्धतीचा सुरक्षित प्रकार) पर्याय निवडा, तो सहसा ४४३ वरून जातो, जो साध्या वेबसाइटसाठी उघडाच असतो.

पायरी ६: सीन आणि सोर्स

सोर्स म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, फोटो असं काहीही दाखवायचं, आणि सीन म्हणजे त्यांची एक मांडणी. यात फार वेळ घालवत नाही, दहा मिनिटं खेळलात की जमतं. तीन सीन करून ठेवा, एक "थोड्याच वेळात", एक मुख्य, एक "आलोच". मुख्य सीनमध्ये कॅमेरा आणि स्क्रीन जे दाखवायचं ते. पूर्ण स्क्रीन पकडण्यापेक्षा फक्त एक विंडो पकडा, चुका कमी होतात.

लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर (पूर्ण स्क्रीन पकडणारा सोर्स) काळं दिसतंय का? दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर हे होतं, स्क्रीन एका ग्राफिक्सवर आणि ओबीएस दुसऱ्यावर. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स भागात ओबीएस जोडा आणि त्याला पॉवर सेव्हिंगवर टाका, ओबीएस बंद करून परत उघडा. गेम कॅप्चर करत असाल तर उलट, हाय परफॉर्मन्स.

पायरी ७: आवाज

लोक कॅमेऱ्यावर खर्च करतात आणि आवाज वेबकॅमच्या माईकवरून घेतात, हे मला कधीच कळलेलं नाही. एक साधा यूएसबी माईक, किंवा कॉलरला लावायचा वायरवाला माईक, कुठलाही चालेल, फक्त तोंडापासून एक वीतभर अंतरावर हवा. स्वस्त माईक जवळ असेल तर महागड्या पण लांबच्या माईकपेक्षा चांगला ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोनचा माईक नको, माईक चालू झाला की त्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो आणि उशीर होतो तो वेगळाच.

ओबीएसच्या मीटरमध्ये बोलताना पट्टी पिवळ्या भागात नाचायला हवी, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये. लाल भागात सतत जात असेल तर कमी करा, फाटलेला आवाज नंतर कोणीही दुरुस्त करू शकत नाही. माईकवर राइट क्लिक करून फिल्टरमध्ये नॉइज सप्रेशन लावा, पंख्याचा घूंऽऽ बराच कमी होतो. त्यानंतर एक लिमिटर लावून ठेवा, तो आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ देत नाही. एवढंच, दहा फिल्टर लावून रोबोट होऊ नका.

आवाज दोनदा येतोय, घुमतोय, तर बहुतेक दोन माईक चालू आहेत, वेबकॅमचा आणि तुमचा. एक म्यूट करा. तरी येतोय? मग तुम्ही त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचा स्ट्रीम आवाजासकट उघडून बसलाय, आणि तो डेस्कटॉप ऑडिओतून परत स्ट्रीममध्ये जातोय. नव्वीन माणूस एकदा तरी हे करतोच.

सँपल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ओबीएसमध्ये सारखाच ठेवा, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ. वेगळा ठेवला की कधी चटचट आवाज येतो, कधी तासाभराने आवाज आणि ओठ वेगळे व्हायला लागतात.

पायरी ८: आता कॅमेरा

साधा वेबकॅम घ्या आणि चेहऱ्यावर उजेड घ्या. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. कमी उजेडात वेबकॅम एक एक फ्रेम जास्त वेळ घेऊन काढतो आणि ३० चे १५ एफपीएस होतात, मग तुम्हाला वाटतं नेट अडकतंय. दिवा लावून बघा आधी.

मोठा कॅमेरा जोडायचा असेल तर त्याच्यातून एचडीएमआयवाटे स्वच्छ चित्र बाहेर येतं का ते तपासा, काही कॅमेरे स्क्रीनवरची सगळी चिन्हं, बॅटरी बिटरी, सकट पाठवतात. मग कॅप्चर कार्ड, म्हणजे एचडीएमआयचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा. ते यूएसबी ३ चं असेल तर निळ्या पोर्टमध्येच लावा, कारण १०८०पी ६० चं न दाबलेलं चित्र जवळपास २ गिगाबिट होतं आणि यूएसबी २ ची धाव ४८० मेगाबिटपर्यंतच. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचा, वायर असलेला अडॅप्टर) लावून सरळ प्लगवर चालवा आणि ऑटो पॉवर ऑफ बंद करा. कॅप्चर कार्डमुळे चित्र आवाजाच्या मागे पडतं, त्यासाठी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, रेकॉर्डिंग बघा, आणि ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माईकचा सिंक ऑफसेट मिलिसेकंदात वाढवत न्या, टाळी आणि आवाज जुळेपर्यंत.

पायरी ९: रंगीत तालीम

नाटकवाले करतात तशी, पूर्ण. अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारं) किंवा प्रायव्हेट लाइव्ह लावा, ज्या वेळी खरं लाइव्ह आहे त्याच वेळी, आणि पूर्ण तासभर चालू द्या. पाच मिनिटांच्या टेस्टला काही अर्थ नाही, तापणं, आवाज सरकणं, संध्याकाळचं नेट हे सगळं नंतरच दिसतं. लाइव्ह बघायचं मोबाइलवर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, म्हणजे बाहेरच्या माणसाला जे दिसतं तेच तुम्हाला दिसेल.

तालमीच्या वेळी ओबीएसची स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवा. या अख्ख्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. तिथे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि तिघांचं दुखणं वेगळं.

ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क असं लिहिलेला आकडा वाढतोय म्हणजे फक्त आणि फक्त नेट. प्रोसेसर बदलून काही होणार नाही. वायर बघा, चोर शोधा, बिटरेट कमी करा. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये गर्दी झाली की बिटरेट आपोआप कमी करायचा एक पर्याय आहे, तो टिक करून ठेवा, चित्र थोडं खराब होतं पण अडकत नाही.

एन्कोडिंग लॅग वाढतोय म्हणजे दाबणारा दमलाय. ६० चे ३० करा, रिझोल्यूशन कमी करा, एक्स२६४ वर असाल तर हार्डवेअरवर जा. बिटरेट कमी करून इथे फारसा फरक पडत नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

रेंडरिंग लॅग वाढतोय म्हणजे ग्राफिक्स कार्डला सीन जुळवायला पण वेळ मिळत नाहीये, बहुतेक गेम सगळं खातोय. गेमचे एफपीएस बांधून टाका, आणि विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघा, त्याने ग्राफिक्समध्ये ओबीएसला आधी जागा मिळते.

तिन्ही शून्याच्या जवळ आणि तरी एखादा म्हणतो अडकतंय, तर त्याचं नेट अडकतंय. त्याला क्वालिटी कमी करून बघायला सांगा.

प्रत्यक्ष दिवशी

कॉम्प्युटर तासभर आधी रीस्टार्ट करा, अपडेट आले असतील तर उरकून घ्या. राउटर आणि फायबरचा डबा असेल तर तो, दोघांना छोट्या यूपीएसवर ठेवा, लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते हे लाइट गेल्यावरच आठवतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) एकदा तपासून ठेवा, मुख्य नेट गेलं तर दोन मिनिटांत त्याच्यावर जाता येतं, बिटरेट २००० वर आणून का होईना. घरातल्यांना सांगा, विनंतीच्या सुरात सांगा, की दोन तास मोठं काही अपलोड करू नका.

दहा मिनिटं आधी "थोड्याच वेळात"चा सीन लावून स्ट्रीम चालू करा. मोबाइलवर स्वतः बघा, आवाज येतोय ना ते ऐका, मग मुख्य सीनवर या. सुरुवातीलाच "आवाज येतोय का, आवाज येतोय का" असं पाच मिनिटं विचारत बसणं नको, एकाने हो म्हटलं की पुढे चला.

आणि संपवताना घाई करू नका. प्रेक्षक तुमच्यापेक्षा १०-२० सेकंद मागे असतात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे निरोप घेऊन लगेच बटण दाबलंत तर शेवटचं वाक्य अर्धवट तुटू शकतं. शेवटचा सीन लावा, आधी माईक म्यूट करा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग ओबीएसमध्ये स्टॉप स्ट्रीमिंग, मग स्टॉप रेकॉर्डिंग, मग डॅशबोर्डवर जाऊन तिथेही स्ट्रीम संपला का बघा. माईक आधी म्यूट करा असं मुद्दाम सांगतोय. माझ्या चौथ्या स्ट्रीमचं रेकॉर्डिंग अजून चॅनेलवर आहे, त्याचं शेवटचं वाक्य "संपलं बाबा एकदाचं, पाय आखडले" असं आहे, आणि खाली सगळ्यात जास्त लाइक त्याच वाक्यावरच्या कमेंटला आहेत.